‘पूर्वापार’ म्हणजे नेमके कधीपासून?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

मी २७ वर्षांची असून सांगली जिल्ह्यातील एका गावी बँकेत नोकरी करते. मार्गशीर्षात माझे लग्न आहे. माझा वर्ण सावळा आहे. होणाऱ्या नवऱ्याला त्याचे काही वाटत नाही, असे तो मला सांगतो. पण त्याच्या आईंनी लग्नाआधी ‘थोडी ट्रीटमेंट’ घेण्याचे गोड शब्दांत सुचवले आहे. माझ्या आत्याने तर गोरेपणाच्या इंजेक्शनांची चौकशी करून ठेवली असून, तोवर लावायला म्हणून एका पार्लरमधून बिननावाची क्रीमची डबी आणून दिली आहे. ती मी दहा दिवस लावली आणि चेहरा खरोखर उजळला, म्हणून आता भीती वाटते. शिवाय मला लग्नात आजीचे इरकली लुगडे नेसायचे आहे. ते गावंढळ दिसेल, शिवलेली ‘पेशवाई’ नऊवारी आणि मोठी नथच हवी, असे सगळ्यांचे म्हणणे आहे. ‘आपल्याकडे पूर्वापार नवरी अशीच असते’ हे वाक्य रोज ऐकते. ते खरे आहे का? आणि मी नकार दिला तर तो परंपरेचा अपमान ठरेल का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मी सविस्तर देणार आहे. पण त्याआधी त्या डबीबद्दल. तुम्हाला भीती वाटते ती अगदी योग्य वाटते. दहा दिवसांत चेहरा उजळवणाऱ्या आणि घटकद्रव्यांची यादी नसलेल्या क्रीममध्ये बहुतेक वेळा दोनांपैकी एक गोष्ट असते: तीव्र स्टेरॉइड किंवा पारा. स्टेरॉइडने त्वचा आधी उजळते, मग पातळ होते, लाल पडते, तिच्यावर पुरळ आणि लव येते, आणि क्रीम थांबवली की चेहरा भडकतो, म्हणून माणूस पुन्हा तीच क्रीम लावतो. पाऱ्याचे काम याहून चोरट्या पावलांचे आहे. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. केरळातील मूत्रपिंडतज्ज्ञांनी अलीकडच्या काही वर्षांत अशा रुग्णांची नोंद केली आहे आणि महाराष्ट्रातही अशी प्रकरणे उघडकीस आली आहेत. तेव्हा ती डबी टाकून न देता सोबत घ्या आणि या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज असेल, लघवीला फेस येत असेल, तर तसेही सांगा आणि लघवीची तपासणी करून घ्या. गोरेपणासाठी जी इंजेक्शने दिली जातात त्यांतील ग्लुटाथिओन हे औषध आपल्याकडे यकृताच्या विकारासाठी मान्य आहे, वर्ण उजळण्यासाठी नाही. तुमच्या आत्याला कोणी काहीही सांगितले असले तरी त्या सुईला नकार द्या. या एका बाबतीत मी तुम्हाला मध्यम मार्ग सुचवणार नाही.

आता ‘पूर्वापार’कडे वळू. हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला जे लहानपणापासून आठवते ते पूर्वापार, अशी त्याची व्यवहारातील व्याख्या आहे, आणि तिच्यात तीनचार पिढ्यांपलीकडचे काही मावत नाही. म्हणून कोणी हा शब्द उच्चारला की त्या गोष्टीचे वय विचारावे, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे. उत्तरे गमतीची निघतात.

नथीचेच घ्या. मराठी स्त्रीचे चित्र काढायला सांगितले तर लहान मूलसुद्धा आधी नथ काढील. परंतु अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रे नीट पाहा. तेथील राण्या, दासी, अप्सरा यांच्या अंगावर मोत्यांचे सर आहेत, दंडात वाक्या आहेत, कानांत जड कुंडले आहेत, केशरचनेचे तर इतके प्रकार आहेत की आजच्या पार्लरला लाज वाटावी. पण नाक मोकळे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेवर एक स्वतंत्र लेख लिहिला होता, आणि जुने वाङ्मय व शिल्पे चाळून त्यांना नाकातल्या दागिन्याचा माग सुमारे हजार वर्षांच्या मागे नेता आला नाही. हजार वर्षे हा काही थोडा काळ नव्हे. नथ घालणाऱ्या कोणाही स्त्रीने तेवढ्यावरून ती काढून ठेवावी, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच की जो दागिना आज ‘नथीशिवाय नवरी कसली’ म्हणून तुमच्यासमोर ठेवला जातो, त्याच्याशिवाय याच भूमीतील स्त्रिया शतकानुशतके सुंदर दिसत होत्या आणि सुंदर म्हणून रंगवल्या जात होत्या.

त्याच चित्रांत आणखी एक गोष्ट आहे, जी तुमच्या आत्याला दाखवावी असे मला फार वाटते. अजिंठ्यात गोऱ्या, गव्हाळ, सावळ्या आणि गडद काळ्या अशा सर्व वर्णांच्या स्त्रिया आहेत, आणि काळ्या वर्णाची स्त्री केवळ दासी म्हणून येते असे नाही. अंगभर दागिने ल्यालेल्या, चित्रकाराने जीव ओतून रंगवलेल्या सावळ्या राजस्त्रियाही तेथे आहेत.

वर्णाचा प्रश्न मात्र नथीइतका सरळ नाही आणि तुमची दिशाभूल करून मला तुम्हाला दिलासा द्यायचा नाही. ‘आपल्याकडे सगळे वर्ण समान मानले जात, गोरेपणाचे वेड इंग्रजांनी आणले’ असे अलीकडे बोलले जाते; ते ऐकायला बरे वाटते, पण खरे नाही. जुन्या काव्यांत गौरवर्णाचे कौतुक भरपूर आहे आणि लावण्यांतली नायिका कितीतरी वेळा ‘गोरी’ या हाकेनेच येते. उन्हात राबणाऱ्याचा रंग आणि सावलीत बसणाऱ्याचा रंग यांतील फरक इंग्रज येण्याच्या कितीतरी आधी जातीशी आणि श्रीमंतीशी जोडला गेला होता. तरीही त्या काळात दुसरी बाजू जिवंत होती. महाभारतातील सर्वांत रूपवान स्त्री द्रौपदी, आणि तिचे एक नाव कृष्णा, ते तिच्या वर्णावरून पडलेले. (कालिदासाच्या यक्षाची पत्नी ‘श्यामा’ आहे, हा दाखलाही लोक देतात, पण टीकाकार त्या शब्दाचा अर्थ ‘तरुणी’ असा करतात, म्हणून तो पुरावा मी बाजूला ठेवते. द्रौपदी पुरेशी आहे.) ‘सावळें सुंदर रूप मनोहर’ म्हणून तुकोबांनी ज्याला हृदयात राहायला सांगितले, त्या विठ्ठलाला तर तुमच्या घरातील प्रत्येकाने हात जोडलेले असतील. देव सावळा चालतो, सून मात्र उजळ हवी, यातील विसंगती माझ्या आधी अनेकांनी दाखवली आहे, आणि तिने आजवर एकाही कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात कोणाचे मन वळवलेले मी पाहिले नाही. म्हणून तिच्यावर विसंबू नका.

मग जुन्या काळातील गौरवर्णाची आवड आणि आजचा हट्ट यांत काय बदलले? माझ्या मते चित्रांची संख्या बदलली. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तेथून निघालेल्या स्वस्त रंगीत तसबिरी देशभरातील देव्हाऱ्यांत आणि बैठकीच्या खोल्यांत पोहोचल्या. तोवर गावोगावच्या देवीचा चेहरा वेगळा होता: कोठे शेंदराचा तांदळा, कोठे काळ्या पाषाणाची मूर्ती. आता लक्ष्मी आणि सरस्वती यांना एकच गोरा, भरल्या गालांचा, साडी नेसलेला चेहरा मिळाला आणि तोच घरोघरी गेला. त्यानंतर सिनेमा आला आणि सिनेमामागोमाग साबण. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, आणि त्या जाहिरातीसाठी निवडल्या गेलेल्या पहिल्या भारतीय तारका म्हणून त्यांची नोंद आहे. ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम १९७५ साली बाजारात आले आणि २०२० साली, जगभर टीकेची झोड उठल्यावर, त्याच्या नावातील ‘फेअर’ गेले. तुमच्या होणाऱ्या सासूबाई पन्नाशीच्या आसपास असतील असे मी धरून चालते. म्हणजे रोज चेहऱ्याला काही लावून गोरे व्हायचे, आणि तसे झाल्यावरच लग्न जमते किंवा नोकरी लागते, ही कथा साधारण त्यांच्याच वयाची आहे. जाहिरातींची मानके ठरवणाऱ्या परिषदेने २०१४ साली, सावळ्या व्यक्तीला दुःखी, अपयशी किंवा कमी प्रतीची दाखवू नये असा नियम केला, यावरून त्याआधीची चाळीस वर्षे काय दाखवले जात होते त्याची कल्पना येईल. त्या कथेवर ज्यांचे तारुण्य गेले त्यांना ती पूर्वापार वाटली तर नवल नाही.

रंगाची आवड किती सहज उलटते याचे उदाहरण युरोपात आहे. तेथील उच्चभ्रू स्त्रिया शतकानुशतके फिकट दिसण्यासाठी धडपडत होत्या. सोळाव्या शतकात त्यांपैकी अनेक जणी चेहऱ्याला शिशाचा पांढरा लेप लावत आणि तो विषारी होता. उन्हाने रापलेला चेहरा म्हणजे शेतमजुराचा चेहरा. पुढे मजूर शेतातून उठून कारखान्याच्या छपराखाली गेले आणि फिकट पडले, तर सुट्टी घेऊन समुद्रकिनारी पडून राहणे श्रीमंतांनाच परवडू लागले. मग १९२० च्या दशकात रापलेली कांती हीच ऐटीची ठरली. रंग तेच होते, फक्त कोणाला उन्हात जावे लागते आणि कोणाला जाणे परवडते, हे बदलले. आजही तेथील गोऱ्या मुली पैसे मोजून यंत्राखाली झोपतात आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका ओढवून घेतात. तुमच्या आत्याच्या इंजेक्शनाची ती चुलत बहीणच म्हणायची.

आपल्याकडेही एक उलटापालट झाली आहे आणि ती बहुतेक लोक साफ विसरले आहेत. पूर्वी सुवासिनी दातवण लावून दात काळे करीत. ते अस्वच्छतेचे लक्षण नव्हते, तो शृंगार होता, सौभाग्याची खूण होती, आणि पांढरेशुभ्र दात हे विवाहित स्त्रीला शोभणारे मानले जात नसत. कपाळावर आणि हातांवर गोंदण हवे, तेही तसेच. मग शिकलेल्या घरांतील मुलींना काळ्या दातांची लाज वाटू लागली; त्यांच्या नातींना आजीच्या गोंदणाची लाज वाटू लागली; आणि आता त्या नातींच्या मुली पुण्यात हजारो रुपये देऊन मनगटावर टॅटू काढून घेतात. लग्नाच्या दिवशी परंपरा पाळायचीच तर दातांना दातवण लावू का, असे आत्याला एकदा विचारून पाहा. (खरे तर विचारू नका. तुमच्या लग्नाला अजून अवकाश आहे आणि तिच्याशी बोलणे चालू राहायला हवे.)

लुगड्याचा इतिहास मला सर्वांत जवळचा, कारण माझ्या आजीने त्याचे भांडण स्वतः पाहिले होते. आज नऊवारी म्हणजे परंपरा आणि सहावारी म्हणजे रोजचे, असे आपण म्हणतो. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरांतील शिकलेल्या मुली काष्टा सोडून ‘गोल’ नेसू लागल्या, तेव्हा त्यांच्यावर उठलेले काहूर आजच्या जीन्सवरील काहुराहून कमी नव्हते. गोल नेसलेले पातळ सोवळ्याला चालत नसे. सैपाकघरात आणि देवघरात त्या मुलीला मज्जाव असे. आणि ही गोल नेसण तरी कोठून आली? तिच्या घडणीत मुंबईचा वाटा आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी सेवेतील पहिले भारतीय अधिकारी. १८६० च्या दशकात त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी येथील पारशी स्त्रियांची साडी पाहिली, तिच्यात फेरफार केले, खाली परकर आणि वर ब्लाउज अशी जोड दिली आणि ती पद्धत बंगालमध्ये नेली. आज सातासमुद्रापार ‘भारतीय पोशाख’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार अशा देवाणघेवाणीतून तयार झाला आहे. चोळीचेही तेच: पुढे गाठ मारायची खणाची चोळी गेली, पोलके आले, मग झंपर आला, आणि झंपर हे इंग्रजी नाव आपल्या आज्या इतक्या सहज घेत की ते मराठी नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नसे.

स्त्रियांच्या पायांतील जोड्यांवरही एके काळी दगड पडले आहेत. काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी यांनी पायांत जोडे घालून, हातात छत्री घेऊन रस्त्यावर चालण्याचे धाडस केले तेव्हा लोकांनी त्यांच्यावर दगड फेकले, कारण जोडे आणि छत्री ही पुरुषांच्या मानाची चिन्हे होती. पुढे १८८६ साली आनंदीबाई फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि त्याच समाजाने त्यांची छायाचित्रे भिंतीवर लावली.

पुरुषांचे काय झाले, हे कोणी विचारत नाही, म्हणून मी विचारते. तुमच्या होणाऱ्या नवऱ्याच्या पणजोबांच्या डोक्यावर शेंडी असेल, वर पगडी किंवा पागोटे असेल, अंगात अंगरखा किंवा बाराबंदी असेल. ते सगळे गेले आणि कोणाच्या घरात परंपरा बुडाल्याचे सुतक पाळले गेले नाही. लग्नात नवरदेव बहुधा शेरवानी घालील. हा पोशाख उत्तर हिंदुस्थानात, दरबारी वेश आणि इंग्रजी कोटाचा काप यांच्या मिलाफातून एकोणिसाव्या शतकात तयार झाला. त्याचा सांगलीशी संबंध वीसतीस वर्षांपलीकडचा नसावा. मी त्याला नावे ठेवत नाही; शेरवानी देखणी असते. पण एकाच मांडवात नवऱ्याला नवे चालते आणि नवरीला जुनेच हवे असते, आणि ते जुनेही गेल्या दहापंधरा वर्षांत शिंप्याने ‘पेशवाई’ नाव देऊन शिवलेले असते, हे तुम्ही पाहून ठेवावे.

आता व्यवहाराचे. जी गोष्ट लग्नाच्या रात्री अंगावरून उतरवून ठेवता येते, तिच्याबाबत मी तुमच्या जागी असते तर बरेच सैल धरले असते. नथ घाला, नाक टोचायचे नसेल तर दाबाची मिळते, आणि मोत्यांची नथ सावळ्या चेहऱ्यावर जशी खुलते तशी दुसरीकडे खुलत नाही, हे मी पन्नास लग्ने पाहून सांगते. स्वागत समारंभाला शिवलेली नऊवारी नेसा, सासूबाईंना बरे वाटेल. त्वचेत आणि रक्तात जाणाऱ्या गोष्टीबाबत मात्र कोणाच्याही आनंदाचा विचार करू नका. दोन्ही बाबतींत एकाच ताकदीने भांडलात तर घरच्यांना तुमचा नकार हा नुसता हट्ट वाटेल. नथीवर माघार घेतलीत तर इंजेक्शनावरील नकाराला वजन येईल.

आत्याशी वाद घालण्यापेक्षा तिला डॉक्टरांकडे सोबत न्या आणि डबी तिच्याच हातून टेबलावर ठेवू द्या. तिने हे तुमच्या वाईटावर केलेले नाही. ‘निमगोरी’ आणि ‘उजळ’ या शब्दांची उतरंड लावून मुली पाहिल्या जात, त्या काळात ती वाढली आहे, आणि तिला स्वतःला कोणत्या पायरीवर बसवले होते हे तुम्ही कधी विचारले नसेल. सासूबाईंना मात्र तुम्ही काही सांगू नका. ते काम त्यांच्या मुलाचे आहे. तुमच्या वर्णाचे त्याला काही वाटत नाही, हे त्याने तुम्हाला सांगितले, आणि त्याबद्दल त्याचे आभार. पण तुम्हाला ते ठाऊकच होते. ते वाक्य त्याने आईसमोर म्हणायला हवे, फोनवर नव्हे तर घरात बसून, आणि लग्नाआधी. त्याला ते जमले नाही, तर तुमच्या पत्रात नसलेला एक मोठा प्रश्न तुमच्यासमोर उभा राहील आणि त्यासाठी तुम्हाला मला पुन्हा पत्र लिहावेसे वाटले तर संकोच करू नका.

राहिले आजीचे लुगडे. ते जरूर नेसा. इरकलीला गावंढळ म्हणणाऱ्यांना हे माहीत नसेल की टोपपदराचे, म्हणजे तिच्या खास पदराचे, उभे धागे वेगळे लावून मागावरच अंगाच्या धाग्यांत एकेक करून अडकवावे लागतात, आणि ते कसब यंत्राला सहजी जमत नाही. परंतु ते आजच कपाटातून काढा. जुने कापड घडीवर विरते. सावलीत उलगडून उजेडाकडे धरा आणि विरलेली जागा दिसली तर नेसण्याआधी रफू करून घ्या. सोबत गुळेदगुडचा खण घेऊन चोळी शिवा, पण शिंप्याला बाह्या थोड्या सैल ठेवायला सांगा, कारण अक्षता पडताना हात बराच वेळ वर राहतात. आणि मुख्य म्हणजे लांबी मोजा. पूर्वी आठ वारीही लुगडी येत, आणि तुमची आजी तुमच्याहून ठेंगणी असेल तर तिला पुरलेले लुगडे तुमच्या काष्ट्याला कमी पडू शकते. तसे झाले तर निऱ्या दोन कमी घ्या आणि पदर खांद्यावरून थोडा आखूड सोडा. घरात किंवा शेजारी ज्या कोणी अजून हाताने नऊवारी नेसवतात, त्यांना लग्नाआधी दोन वेळा बोलावून घ्या आणि नेसून जिना चढून-उतरून पाहा.